दुधातली मुंगी

सोयाबीनची सुगी आली की माझं अंग मला न विचारता आठवायला लागतं. मी काही हळवी बाई नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळण्यात केस पांढरे झालेली मास्तरीण आहे. रडत आलेल्या पोराला मी आधी नाक पुसायला लावते आणि मग कारण विचारते. पण दसरा तोंडावर आला, माल विकायला मोंढ्याकडं निघालेले ट्रॅक्टर आमच्या नांदेडच्या गल्लीच्या तोंडाशी तुंबायला लागले, हवेत ते पिवळं भुसकट तरंगू लागलं, की कुठंतरी तान्हं लेकरू रडल्याचा भास होतो आणि खांद्यापासून छातीत कळ उतरते. जिनं अंगावर पाजलंय तिला ही कळ समजावून सांगावी लागत नाही. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला कुठला आलाय पान्हा? तरी मी पदर सावरते. एकदा तर औशाच्या स्टँडवर, एसटीत, मागच्या सीटवरचं कुणाचं तरी लेकरू कोकललं आणि ब्लाउज ओला झाला का म्हणून मी हात लावून बघितला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हरवलं का मावशी?" आता तिला काय सांगणार, कपाळ?

यंदा मात्र रडणं भासाचं नाही. माझी लेक प्रज्ञा बाळंतपणाला पुण्याहून आली, तिला मुलगी झाली, आणि घरात दिवसभर तिचाच कारभार चालू आहे. प्रज्ञा कॉम्प्युटरवाली, मोबाइलवर सगळं वाचून पक्की होऊन आलेली. मला वाटलं होतं हिला कशाचं भ्या नाही. पण लेकरू दवाखान्यातून घरी आलं, दिवस कलायच्या वेळेला जे सूर लावून बसलं, ते बघून हिचं तोंड एवढंसं झालं. "आई, पुरत नाहीये गं दूध. माझ्यातच कमी आहे बहुतेक." त्यात तिच्या सासूबाईंचा पुण्याहून फोन. डब्याचं दूध आणा म्हणे, त्यानं लेकरू गुटगुटीत होतं, आमचा मुलगा त्याच्यावरच वाढला. 'तरीच,' असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. विहीणबाई म्हणून गिळलं.

दवाखान्यातल्या सिस्टरनं निघताना बजावलं होतं. रडतंय म्हणजे भुकेलंच असं धरू नका. दुपटी ओली करतंय का बघा, वजन धरतंय का बघा, आणि मागेल तेव्हा लावा; जेवढं ओढेल तेवढं येईल. मी प्रज्ञाला म्हटलं, अगं, विहिरीसारखं आहे, उपसलं की झिरपतं, झाकून ठेवलं की आटतं. ती हसली आणि पाजायला बसली. मी स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, आणि माझ्या ध्यानात आलं की आत पाणी घालायचंच राहिलंय. दुसऱ्याला धीर देताना माझा आवाज नेहमी खणखणीत असतो. शाळेची सवय.

खिडकीजवळच्या खाटेवर माझी माय बसलेली असते. माय म्हणजे माझी आई, अहमदपूरजवळच्या आमच्या गावाहून खास पणतीला बघायला आलेली. बाबा गेल्यापासून ती फारशी कुठं जात नाही, पण या खेपेला स्वतःहून म्हणाली, मला न्यायला या. आली, लेकरू बघितलं, बोटं मोडून घेतली. पण मांडीवर काही घेईना. "हात कापतेत गं माझे, पडंल बिडंल," म्हणते. याच हातांनी ती अजून ज्वारीची भाकरी थापते, आणि ती फुगली नाही तर पिठाला शिव्या देते. प्रज्ञा लेकराला पाजायला बसली की माय एकटक बघत राहते. माझा एक डोळा मायकडं, एक लेकराकडं. अशा घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या कुणी?

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, याच दिवसांत. मळणीयंत्र आमच्या घरामागच्या खळ्यावर लावलेलं. सकाळी ऊन तापलं की ते सुरू व्हायचं आणि दिवसभर गुरगुरत राहायचं. घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. सोयाबीनचं भुसकट अंगाला चावतं, घामावर चिकटतं, डोळ्यांत जातं. खिडकीला लुगडं बांधलं तरी पाळण्यावर त्याची पिवळी साय धरायची. मजुरांच्या भाकरी आमच्याच चुलीवर. एक ताट उचललं की दुसरं. बाळंतिणीची खोली म्हणजे पोत्यांच्या थप्पीमागची मोकळी केलेली जागा. तिथं मी आणि माझी लेक. तिच्या टाळूला एक वास यायचा, उन्हात वाळवलेल्या धडप्यासारखा. तो वास मला अजून येतो, आणि तो कुठून येतो हे मी शोधायचं सोडून दिलंय.

आमच्या घरात देव नव्हते. दीक्षा घेतली तेव्हाच आजोबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला होता. बाबा गावच्या शाळेत मास्तर. अंगारा-धुपारा, गंडा-दोरा, लिंबू-बिबा यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शेजारची गयाकाकू माझ्या बाळंतपणात सटवाई पुजू म्हणाली, तर बाबांनी तिला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "वैनी, आमच्या नातीचं नशीब ती शाळेत जाऊन स्वतः लिहील." केवढी ऐट वाटली होती मला. डी.एड. झालेली मी, असला बाप, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वाटायचं, या घरात खुळेपणाला शिरायला फटच नाही.

त्याच आठवड्यात आमची देवणी गाय व्याली. बाबा खळ्यावरून धावत आले, लुंगी खोचलेली, अंगभर भुसकट. "आधी चीक पाजा, चीक," म्हणत त्यांनी वासराचं तोंड स्वतः आचळाला लावलं. चीक पोटात गेल्याशिवाय वासरू उभं राहत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. आणि माझा चीक? माझं ते पिवळं, घट्ट, पहिलं दूध मायनं फडक्यावर पिळून टाकायला लावलं होतं. नऊ महिने साठलेलं, जुनं, ते लेकराला बाधतं म्हणे. माझी लेक कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखत होती. 'मी काय बोळ्यानं दूध पीत नाही,' असं शहाणी माणसं ऐटीत म्हणतात. आमच्या घरात सगळी शहाणीच होती. गाईचा उरलेला चीक मायनं गूळ-वेलदोडा घालून उकडला, खरवसाच्या वड्या गयाकाकूकडं गेल्या. एकाच घरात, एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड. तेव्हा कुणाच्या डोळ्यांत ते आलं नाही. माझ्याही नाही.

पुढं दूध भरून आलं आणि लेकरू प्यायला लागलं. चांगलं प्यायचं, घटाघटा, नाकानं फुसफुस करत. पण दिवस कलला की रडायचं. पाय पोटाशी घ्यायचं, मुठी वळायचं, थोडं ओकायचं. प्रज्ञाच्या लेकीचंही आज हेच चाललंय आणि सिस्टर म्हणतात, असतं काही दिवस, उभं धरा, पाठ थोपटा. तेव्हा थोपटणाऱ्याला विचारतो कोण. गयाकाकू दारातून म्हणाली, "दूध लागंना झालंय लेकराला. बघून घ्या एकदा." मायचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, थकलीय. मजुरांचं रांधून रांधून कोण थकणार नाही?

दुपारी ती स्टीलची वाटी घेऊन आली. "सुजे, चमचाभर पिळ यात."

"कशाला?"

"बघू दे. दूध चांगलं हाय का इखारी हाय ते कळतंय."

दाराच्या चौकटीवरनं काळ्या मुंग्यांची रांग जात होती. मायनं हिराच्या काडीवर एक मुंगी घेतली आणि वाटीत सोडली. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर विषारी. एवढाच कायदा. बाबाही आले. आता हे बाहेर काढतील वाटी, असं मला वाटलं. पण बाबांना यात अंधश्रद्धा दिसलीच नाही. यात मंत्र नव्हता, देव नव्हता, भगत नव्हता, कुणाच्या हातावर काही टेकवायचं नव्हतं. डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट. वर्गात ते लिटमसचा कागद बुडवून दाखवायचे, तसाच हाही प्रयोग. आम्ही तिघं वाटीवर वाकलो. मुंगीनं पाय मारले, कडेला येऊन वर चढायला बघितलं, घसरली, आणि थोड्या वेळानं तिचं हलणं थांबलं. बाहेर मळणीयंत्र गुरगुरत होतं. बाबांनी चष्मा वर सारला आणि म्हणाले, "आणखी एक टाकून बघा. एका वेळेवर जाऊ नये."

दुसरीही मेली. दोनदा आलं म्हणजे पक्कं. मास्तर माणूस.

त्या दुपारपासून माझी लेक माझ्या अंगावरून तुटली. माझी छाती मायनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधली. अहमदपूरहून काचेची बाटली आली, रबरी बूच आलं, म्हशीचं दूध आलं, त्यात निम्मं पाणी. चूल दिवसभर मजुरांच्या भाकरींत गुंतलेली, पाणी उकळणार कशावर? बाटली रांजणातल्या पाण्यानं विसळायची आणि खुंटीला अडकवायची. हे मी बघितलं नाही, पोत्यांच्या थप्पीमागं पडून ऐकलं. विसळल्याचा आवाज, बूच बसवल्याचा आवाज, मग लेकराचं चोखणं. ती बाटली चोखायची आणि इकडं माझ्या पट्टीतून दूध झिरपायचं. तिच्या रडण्याला माझं अंग ओ द्यायचं, आणि मी अंगाला गप्प बस म्हणायची, कारण त्यात विष आहे असं मला पटलं होतं. शिकलेलं माणूस एकदा पटलं की अडाण्यापेक्षा घट्ट पटतं.

मग जुलाब. हिरवे, पाण्यासारखे. कुणी म्हणालं बाळगुटी द्या, कुणी म्हणालं दूधच बंद करा, पोटाला आराम द्या. टाळू खाली गेली. डोळे मोठे दिसायला लागले. बाबांनी गाडी शोधली, पण सुगीत गाडी कुठली मोकळी? शेवटी सोयाबीनची पोती घेऊन निघालेल्या टेम्पोत पुढं आम्हाला जागा मिळाली, मी, माय आणि लेकरू. बाबा मागं पोत्यांवर. रस्ताभर ती रडली नाही. रडावं म्हणून मी तिच्या तळपायाला टिचक्या मारत होते. छातीवरची पट्टी चिंब झाली होती. मी सोडली का ती पट्टी? नाही सोडली. मायनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता, आणि तो हात गार होता.

अहमदपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "बाटलीनं पाजता?" त्यानं विचारलं. "बाटली कोण धुतं? अंगावर का पाजत नाही?" आम्ही तिघं समोर उभे. कधी कुणाला उत्तर द्यायचं न चुकलेले माझे बाबा फरशीकडं बघत होते. सलाइनसाठी शीर सापडेना. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. नाव ठेवायचं राहिलं होतं.

पण दुधाला कुणी काही सांगितलं नाही. ते येतच राहिलं. लेकरू मातीत गेलं आणि दूध वेळच्या वेळी येत राहिलं, भोळ्या पाहुण्यासारखं, दार बंद आहे हे न कळून. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. गयाकाकूनं जाईच्या कळ्या आणल्या आणि छातीवर बांधल्या, त्यानं दूध आटतं म्हणून. जाईचा वास सगळ्यांना आवडतो. कुणी गजरा दिला तर मी घेते, थँक यू म्हणते आणि बाहेर येऊन कुंपणावर टाकते. गावात बोललं जायचं ते माझ्या कानावर येत होतं: मास्तराच्या पोरीचं दूध इखारी निघालं. मी ते खोडलं नाही. खोडणार कोणत्या तोंडानं, प्रयोग माझ्या डोळ्यांदेखत झाला होता.

प्रज्ञाच्या वेळी मी माहेरी गेले नाही. नवऱ्याला म्हटलं, नांदेडलाच राहू दे. सरकारी दवाखान्यात ती जन्मली तशी तिथल्या सिस्टरनं मला न विचारता उचलून माझ्या छातीवर टाकली. मी म्हणाले, "नको, माझं दूध चांगलं नाही." सिस्टर म्हणाली, "कोण म्हणतं? आईचं दूध वाईट नसतं बाई, पाज गप." तिला वीस बायका उरकायच्या होत्या, माझं पुराण ऐकायला वेळ कुठला. प्रज्ञानं तोंड लावलं. मी तिच्या प्रत्येक घोटाला जीव मुठीत धरून बसले. आता मरेल, आता निळी पडेल. ती प्यायली आणि झोपली. पुढं किती दिवस मी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, माझा नवरा म्हणायचा, पोरीला शिंका आणशील. ती चांगली धष्टपुष्ट झाली, तेव्हाही मला वाटायचं, विष हळू चढत असेल.

माझी सुटका एका पोराच्या पाण्याच्या बाटलीनं केली. चौथीचा वर्ग. एक जण तक्रार घेऊन आला, "बाई, माझ्या पाण्यात मुंगी मेलीय." मी बाटली हातात घेतली. पाणी स्वच्छ, नळाचं, आणि वर तरंगणारी मेलेली काळी मुंगी. मी त्याला म्हटलं, जा, दुसरं भरून घे. आणि मग मला खुर्चीत बसावं लागलं. मुंगी पाण्यातही मरते. मुंगी चहात मरते, तेलात मरते, बुद्धाच्या तसबिरीपुढच्या फुलपात्रातही मरते. तिला पोहता येत नाही, बस. हे पहिलीच्या पोराला कळतं. मला नाही कळलं, माझ्या बापाला नाही कळलं. त्यांनी दोनदा प्रयोग केला, पण एकदा नुसत्या पाण्यात मुंगी टाकून बघावी हे काही सुचलं नाही. मी फळ्याकडं तोंड केलं आणि पोरांना म्हटलं, शुद्धलेखन काढा.

मायला मी हे कधी सांगितलं नाही. बाबा होते तेव्हा त्यांनाही नाही. सांगणार म्हणून कितीदा गावी गेले. ती अंगणात बसून तुरी निवडायची, मी तिच्यासमोर बसायची, आणि आम्ही भावकीच्या लग्नांवर, बायांच्या गुडघ्यांवर, पावसावर बोलायचो. राग होता ना पोटात. असा राग की एकदा तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल याचं मलाच भ्या वाटायचं. तिनं माझ्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले की मी ते शाळेत वाटून टाकायची. तिला कळत असावं. तिनं कधी विचारलं नाही, लाडू कसे झाले.

परवा दुपारी प्रज्ञाची लेक पुन्हा तशीच रडायला लागली. पाय पोटाशी, मुठी वळलेल्या. प्रज्ञा तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. खाटेवरून माय हळूच म्हणाली, "सुजे, एकदा मुंगी टाकून बघा गं."

माझ्या डोक्यात जाळ झाला. प्रज्ञा थबकली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिच्या आधी एक ताई होती आणि ती आजारानं गेली एवढंच तिला ठाऊक. मी तिला म्हटलं, "तू आत जा, पाज तिला, दार लोटून घे." ती गेली. मी वाटी घेतली, माठातलं पाणी घेतलं, मायच्या समोर धरली. "हे काय हाय? पाणी हाय ना? पिऊन बघ." ती बावरली, पण घोटभर प्यायली. मी खिडकीच्या कडेवरनं मुंगी उचलली आणि वाटीत सोडली. "आता बघ."

माय वाकून बघत राहिली. मुंगी फिरली, चढायला गेली, घसरली. थांबली. माय बोटानं तिला हलवून बघायला गेली आणि हात मागं घेतला.

"पाण्यात बी मरती," ती म्हणाली.

"कशातबी मरती, माय."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला खोटं पाडेल. ती दोन्ही करेना. तिनं वाटी खिडकीच्या उजेडात धरली. मग तिनं विचारलं, "मग ते माझ्या दुधानं गेलं न्हाई?"

"कोण?"

"तुझ्या आधी एक पोरगं झालतं मला. तुला कुणी सांगितलं नसंल. तुझ्या आजीनं मुंगी टाकली, मेली. अंगावर घ्यायचं न्हाई म्हणली. म्या चोरून पाजलं गं त्याला. कडब्याच्या गंजीमागं बसून पाजायचे. लई ओढायचं. आन मग एक दिस त्याचं अंग ताठ झालं. जबडा उघडंना. धनुष्यावानी वाकलं, आन गेलं." तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. "म्या कुणाला बोलले न्हाई. तुझ्या बापाला बी न्हाई. म्या मारलं ना. चोरून पाजलं म्या, इख हाय म्हणून सांगितलेलं असून. तू झालीस तवा तुला एक घोट दिला न्हाई. शेळीच्या दुधावर वाढलीस तू."

मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. तिची ती पांढरी पडलेली मुद्रा, गयाकाकू दारात उभी असतानाची, ती मला पुन्हा दिसली, आणि त्या दुपारी मायनं वाटी का आणली होती ते मला पहिल्यांदा कळलं. तिला माझी लेक वाचवायची होती. तिनं आपल्या पोराला जे केलं असं तिला वाटत होतं, ते माझ्या हातून होऊ नये म्हणून तिनं मला बांधून घातलं होतं. टेम्पोत तिचा हात गार का होता? माझा सगळा राग, इतक्या वर्षांचा, जपून ठेवलेला, एकदम बिनकामाचा झाला. मला त्याचीही चीड आली. आता मी कुणावर रागवायचं?

"माय, त्याची नाळ कशानं कापली होती?"

"विळ्यानं. अजून कशानं कापायची तवा?"

"धनुर्वात झाला त्याला. विळ्याचा गंज, शेण-माती, त्यानं होतो. दुधानं न्हाई होत. तू पाजलंस म्हणून ते तेवढे दिवस तरी जगलं. तुझ्या दुधानं न्हाई गेलं ते."

"खरं बोलायलीस?"

"बाबांची आण."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. सगळं आयुष्य एक बाई आपल्या हातानं आपलं लेकरू मेलं असं धरून जगली, भाकरी थापली, सुगी केली, लेकीचं लग्न लावलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं. आमच्या घरात ती रीत नाही, म्हणून मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आतल्या खोलीत लेकरू गप झालं होतं. दूध ओढल्याचा, गिळल्याचा बारीक आवाज दाराच्या फटीतून येत होता. रस्त्यावरून मोंढ्याकडं जाणारा ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या मागं पिवळं भुसकट उडालं.

मायनं पदरानं तोंड पुसलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत गेलेलं मी बघितलं, हळूहळू, एकेक पायरी उतरावी तसं. मला कळलं ती कुठं निघालीय. एक लेकरू दुधानं मेलं नाही. मग दूध इखारी नव्हतंच. मग माझंही नव्हतं. मी तिला तिथंच थांबवायला हवं होतं, पण थांबवायचं कसं?

"मग तुझी पोर कशानं गेली, सुजे?"

हाच प्रश्न तिनं कधीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं उत्तर पाठ करत होते. घासून घासून धार लावलेलं उत्तर होतं. ते तिच्या तोंडावर मारायचं आणि उठून जायचं, असं मी न्हाणीत, एसटीत, पेपर तपासताना हजारदा केलं होतं.

"तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं, माय," मी म्हणाले. "डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. कशानंच वाचली नसती ती. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून मी बोलले न्हाई."

माझा आवाज खणखणीत होता. माय माझ्याकडं बघत राहिली. सत्तरी ओलांडलेली, मोतीबिंदू काढलेली तिची नजर मला इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती. तिनं मान हलवली, मला बरं वाटावं म्हणून हलवल्यासारखी. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"बाटली म्या उकळत्या पाण्यानं धुवायचे. रोजच्या रोज."

"व्हय, माय," मी म्हणाले. "मी बघायची ना."